मदत हवी आहे: बाळकृष्णाची घनता कमी का येतेय?

सदाशिव पेठेतल्या आजीच्या देवघरातला रांगता बाळकृष्ण पितळेचा आहे की नाही, यावरून घरात वाद पेटलाय. म्हटलं, आर्किमिडीजलाच विचारू. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि मूर्ती दोऱ्याने पाण्यात अधांतरी धरली. आकडा आला ५२ ग्रॅम, म्हणजे आकारमान ५२ घन सेंमी. कोरडं वजन ४१२. घनता फक्त ७.९! पितळेची ८.४ ते ८.७ हवी ना? लोहचुंबक तर चिकटत नाही.

मूर्ती तळाला टेकली नव्हती, पण लोण्याच्या गोळ्यामागे एक बुडबुडा हट्टाने बसला होता (बाळकृष्णच तो!). पितळेच्या हिशोबाने आकडा ४८ ग्रॅमच्या आसपास यायला हवा होता; तेवढ्या बुडबुड्याने ४ ग्रॅमचा फरक पडेल? की मूर्ती आतून पोकळ असेल? कसं ओळखायचं? भोक पाडून बघा असं सुचवू नका, आजी शेजारीच बसलीये.