मदत हवी आहे: मांजरीला ल्युकेमिया व्हायरस, बोक्याला कसं जपावं?

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आमच्या चिमी मांजरीची फेलाइन ल्युकेमियाची (मांजरांचं रक्त आणि प्रतिकारशक्ती बिघडवणारा व्हायरस) रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, पण भूक आहे. वाटी वाजली की अजून धावत येते. डॉक्टरांनी पीसीआर करून खात्री करायला सांगितलंय. बाहेर सोडणं आणि कच्चं मटण बंद.

बोका सध्या निगेटिव्ह आहे, त्याची टेस्ट परत करायचीय. हा व्हायरस लाळेतून पसरतो आणि दोघं एकमेकांना सारखी चाटायची, म्हणून खोल्या, भांडी वेगळी केली. चिमी दाराशी बसून ओरडते, बघवत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडं पीसीआर कुठं होते? बोक्यासाठी लस मिळेल का? अशी मांजर कुणी सांभाळली असेल तर खायला काय देता, नक्की सांगा. तिला सोडून द्यायचा सल्ला कृपया देऊ नका.