अमेरिकेतली ४० टक्के मुलं अविवाहित आयांची! पुण्याने घाबरायचं का?

कोथरूडकर: टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आज हा आकडा आला. अमेरिकेत जन्मणाऱ्या दर १०० बाळांपैकी साधारण ४० जणांच्या आईचं लग्न झालेलं नसतं. तपासला, खरा निघाला. १९६० मध्ये हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. कुटुंब विस्कटलं की हाल पोरांचे होतात. एकट्या आईच्या घरात गरिबी जास्त, हेही तिकडचेच आकडे सांगतात. हिंजवडी-बाणेरकडे लिव्ह-इन वाढतंय, म्हणजे अजून वीस वर्षांनी आपल्याकडे हेच. मतं मांडा, पण 'काका, जग बदललं' एवढंच लिहायला येऊ नका.

आकडेमोड: काका, टक्का आणि दर यांत गल्लत होतेय. समजा गावात १०० बाळं जन्मली, ८० लग्न झालेल्यांची, २० न झालेल्यांची. पुढे लग्न झालेल्यांनी ४०च मुलं होऊ दिली, बाकीच्यांची २० तशीच. टक्का २० वरून ३३ वर गेला की! बिनलग्नाचं एकही बाळ वाढलेलं नाही.
अमेरिकेत २००८ च्या सुमारास दर हजार अविवाहित स्त्रियांमागे वर्षाला ५२ जन्म होते, आता चाळिशीच्याही खाली. तरी टक्का ४० लाच चिकटलाय, कारण विवाहितांचीही मुलं कमी झाली. किशोरवयीन आयांचं तर विचारूच नका: १९९१ मध्ये हजारी ६२, २०२३ मध्ये १३.

कोथरूडकर: गणित छान, पण सोयीचं वर्ष धरलंत. १९६० मध्ये तोच दर २२ होता. २२ चा ५२ झाला तो काय विवाहितांमुळे?

आकडेमोड: हा मुद्दा बरोबर. २००८ पर्यंतची वाढ खरीच होती. माझं म्हणणं त्यानंतरच्या वर्षांपुरतं.

स्टॉकहोमची_सून: 'अविवाहित' म्हणजे 'एकटी', हे कुणी ठरवलं? अमेरिकेतही यातल्या निम्म्याहून जास्त आया बाळाच्या जन्मावेळी जोडीदारासोबत राहत असतात. आमच्याकडे स्वीडनमध्ये निम्म्याहून जास्त बाळं लग्नाबाहेरची. माझ्या शेजाऱ्यांना तीन मुलं, घराचं कर्ज दोघांच्या नावावर, बाबा रोज पाळणाघरात सोडायला जातो. लग्न तेवढं राहिलंय. उलट जपानमध्ये हे प्रमाण जेमतेम २ टक्के. तिथे लग्नं लांबली आणि पाळणेही रिकामे. २०२३ मध्ये बाईमागे मुलं १.२. हवंय का ते?

कोथरूडकर: स्वीडनचं सरकार पाळणाघर देतं. इथे आजी देते, आणि आजी लग्नाशिवाय येत नाही!

गंजपेठ: हा प्रश्न पुण्यात 'वीस वर्षांनी' येणार म्हणे! अहो, १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी इथेच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने गुपचूप बाळंत व्हावं, बाळ मारू नये म्हणून. तिथे आलेल्या काशीबाईंचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तेच डॉ. यशवंत. ती बाळं कुठल्या टक्क्यात मोजलीत?

कोथरूडकर: फुल्यांपुढे हात जोडले. पण त्या बायका फसवल्या गेलेल्या, त्यांना दुसरी वाटच नव्हती. आजच्या मुली विचार करून ठरवतात. दोन्ही एका तराजूत घालू नका.

गंजपेठ: आज सगळ्याच ठरवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

रात्रपाळी: मी प्रसूतिगृहात नर्स आहे, नाव सांगत नाही. जन्मनोंदणीचा फॉर्म आम्हीच भरतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी होती, सोबत फक्त मैत्रीण. 'वडिलांचं नाव' विचारल्यावर म्हणाली, रिकामं ठेवा. आमच्याच ऑफिसातल्या बाईंनी तीनदा विचारलं, चौथ्यांदा म्हणाल्या, 'काहीतरी टाक गं, मुलाला पुढे त्रास होईल.' सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय की अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायचा. तिला ते पाठ होतं, बाईंना नव्हतं. असं कुणी 'काहीतरी टाकलं' की ते बाळ विवाहितांत जमा. म्हणून 'आपल्याकडे हे नसतंच' म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं.

कोथरूडकर: मग दाखला मिळाला का त्या मुलीला?

रात्रपाळी: मिळाला. रकाना रिकामाच.