मदत हवी आहे: अंबाडोंगरच्या कार्बोनेटाइटमध्ये युरोपियम फुगून येतंय

नमस्कार मंडळी. गुजरातच्या छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या अंबाडोंगरच्या अँकेराइट कार्बोनेटाइटचं (लोहयुक्त कार्बोनेट खनिजांच्या अग्निजन्य खडकाचं) आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) विश्लेषण चालू आहे. हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक आम्लात विरघळवलं की लँथॅनम, सिरियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं कमी येतात आणि तळाशी पांढरा साका उरतो. कॅल्शियम भरपूर, त्यामुळे फ्लोराइड तळाशी बसतं आणि ही मूलद्रव्यंही त्यातच अडकतात. पायरोक्लोर (नायोबियमचं खनिज) पुरतं फुटत नाही ते वेगळंच. म्हणून आता ०.१ ग्रॅम पूड ०.५ ग्रॅम लिथियम मेटाबोरेटबरोबर १००० अंश सेल्सिअसला वितळवून ५ टक्के नायट्रिकमध्ये घेतोय. हा भाग सुटला.

गाडी अडलीय त्याच गटातल्या युरोपियमवर. खडकात बॅराइट (बेरियम सल्फेट) खूप आहे. बेरियम १३५ आणि १३७ यांचे ऑक्साइड थेट १५१ आणि १५३ या वस्तुमानांवर येतात, म्हणजे युरोपियमचे दोन्ही समस्थानिक बाधित! आलेखात युरोपियमपाशी दिसणारं टोक खरं मानायला मन धजत नाही.

निव्वळ बेरियमचं द्रावण चालवून ऑक्साइडचं प्रमाण काढायचं आणि वजावट करायची, एवढं पुरेल का? की कॅटायन रेझिनच्या (धन आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या) स्तंभातून आधी २ मोलर नायट्रिकने बेरियम धुऊन, मग ६ मोलरने दुर्मिळ मृदा उतरवाव्यात? मेटाबोरेटमधलं लिथियम स्तंभाला त्रास देतं का? बॅराइटयुक्त नमुने हाताळलेल्यांनी रेझिनचं आकारमान आणि आम्लाचे मिलिलिटर कृपया सांगावेत.