सगळ्यात फास्ट गाडी पाठवली तरी पहिल्याच फेरीत बाहेर, नक्की चुकतंय कुठे?

गिअर_अडकला
मंडळी, ऑटोमेशन (गाडी डिझाईन करायचा कॉम्प्युटर गेम) खेळणारं कोणी आहे का इथे? मी गेल्या काही महिन्यांत तीन कॉम्पिटिशनमध्ये गाडी पाठवली आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत कचऱ्याच्या डब्यात. होस्टला, म्हणजे कॉम्पिटिशन भरवणाऱ्याला, काही म्हणायचं नाही, त्याने फुकटात एवढा वेळ घालवलाय, पण डोकं चक्रावलंय राव. शेवटची होती ती १९८५ सालची युरोपातली हॉट हॅच (छोटी पण दमदार हॅचबॅक). ब्रीफ, म्हणजे होस्टची मागणी, असं होतं की गिऱ्हाईकाकडे एकच गाडी असणार, आठवडाभर ऑफिसला जायचं आणि शनिवारी डोंगरातल्या रस्त्यावर मजा करायची, मागे दोन माणसं बसायला हवीत, इंजिन १६०० सीसीच्या आत.

माझी गाडी: बोअर (सिलिंडरची रुंदी) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६८.८, म्हणजे १५९९ सीसी, ट्विन कॅम १६ व्हॉल्व्ह, ८००० आरपीएमला १४९ हॉर्सपॉवर, रेडलाईन (आरपीएमची कमाल हद्द) ८४००. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन ७८० किलो, टायर २०५/४५ आर १६. गेममध्ये प्रत्येक भागाचा दर्जा वाढवायला क्वालिटी स्लायडर असतात, त्या सगळ्यांना प्लस आठ. एमिशन चांगलं दिसावं म्हणून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपण लावला. शून्य ते शंभरमध्ये आलेल्या सगळ्या गाड्यांत माझी पहिली होती! निकालात माझ्याबद्दल एकच ओळ: "ही रेसिंगची गाडी आहे, नंबर प्लेट चुकून लागलीय." गेमचे गुण: ड्रायव्हेबिलिटी (चालवायला किती सोपी) ३६, रिलायबिलिटी ५५. अजून काय करायचं माणसाने?

तिसरा_गिअर
नंबर प्लेट चुकून लागलीय, हाहा. होस्टला माझा नमस्कार सांग.

निवांत_चार_सिलिंडर
अरे तुझ्याच आकड्यांत उत्तर आहे बघ. ८००० ला १४९ हॉर्सपॉवर म्हणजे तिथला टॉर्क जेमतेम १३१ न्यूटन मीटर (हॉर्सपॉवर गुणिले ७०२४ भागिले आरपीएम, हे एकदा पाठच करून टाक, रोज लागतं). आता ग्राफवर खाली २५०० आरपीएमला किती आहे ते बघ, एवढा आडदांड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लावल्यावर ८५ च्या वर नसणार, म्हणजे तिथे तुझ्या हातात ३० हॉर्सपॉवर. ऑफिसला जाणारा माणूस दिवसभर त्याच २५०० ला असतो रे, त्याला ट्रकला ओव्हरटेक करायला दोन गिअर पाडावे लागणार आणि मागे बसलेल्यांच्या कानाला दडे बसणार.

त्या काळातल्या खऱ्या गाड्या काढून बघ. पहिल्या गोल्फ जीटीआयचं १.६ इंजिन ७९.५ बाय ८० होतं, १५८८ सीसी, एकच कॅम, ११० हॉर्सपॉवर ६१०० ला. ८१० किलोच्या गाडीला तेवढं पुरलं आणि सगळ्या जगाने नंतर तिची नक्कल केली. तुला १६ व्हॉल्व्हच हवेत तर तेही चूक नाही, टोयोटाचं ४ए-जीई १९८३ पासून होतंच, ८१ बाय ७७, १५८७ सीसी, पण त्याचाही पॉवरचा कळस ६६०० च्या आसपास येतो, ८००० ला नाही. बोअर ८० च्या जवळ आण, कॅम प्रोफाईल खाली ओढ, रेडलाईन ७००० ला थांबव. मग कनेक्टिंग रॉडपासून पिस्टनपर्यंत सगळं स्वस्तातलं चालतं, रिलायबिलिटी आपोआप चढते आणि वाचलेल्या पैशात सीट चांगल्या येतात.

आणि कन्व्हर्टर काढ तो आधी. १९८५ ला युरोपात बहुतेक पंपांवर शिशाचंच पेट्रोल मिळायचं, त्याने कन्व्हर्टर मरतो. अमेरिकेत १९७५ पासूनच्या गाड्यांत आला, युरोपभर सक्तीसारखा झाला तो १९९२-९३ ला युरो १ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर. तू कोणी न मागितलेली गोष्ट लावून स्वतःचीच पॉवर दाबलीस आणि खर्चपण वाढवलास.

वाकडी_ग्रिल
इंजिनावाले आले की इंजिनावरच बोलतात. मी दोनदा होस्ट केलंय (हा राऊंड माझा नव्हता), म्हणून सांगते पलीकडून कसं दिसतं. तीसेक फाईली येतात. सगळ्या नीट चालवून बघायच्या तर महिना जाईल, त्यामुळे पहिली चाळणी फोटो आणि चार आकडे यांच्यावरच लागते. फोटो बघून "ही त्या सालात शोरूममध्ये उभी असती का" एवढंच मनात येतं. १९८५ च्या हॅचला १६ इंचाची चाकं आणि ४५ चा टायर म्हटलं की फोटो मोठा करायच्या आधीच अर्धा निकाल लागला. तेव्हाच्या प्यूजो २०५ जीटीआयला १८५/६० आर १४ होते आणि ती तेव्हा ऐटीत दिसायची.

तुझा फोटो टाक ना, बघते.

गिअर_अडकला
टाकला खाली. हसू नका. मागचे लाईट करायला तीन संध्याकाळी गेल्यात.

वाकडी_ग्रिल
हसत नाहीये, रंग आणि पुढचा चेहरा खरंच चांगलाय. पण मागे ये. तू लाईटची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलीस ना, ती डिकीच्या दाराच्या रेषेवरून सरळ जाते. दार उघडलं तर पट्टीचं काय होणार, मधूनच तुटणार का? एकतर पट्टीला दाराच्या रेषेवर कापून दोन तुकडे कर, नाहीतर लाईट बाजूच्या खांबात ढकल. आणि दाराला कडीच नाहीये, उघडायचं कशाने? पेट्रोलचं झाकण नाही. पुढच्या काचेला वायपर नाहीत. इंडिकेटर समोरून दिसतात पण बाजूने काहीच नाही.

मोठ्याने विचार केला की असल्या गोष्टी दिसतात. मी फिक्स्चर (लाईट, कडी, आरसे असले बाहेरचे भाग) लावताना स्वतःशी बडबड करते, आता मी किल्ली लावली, आता दार उघडलं, आता पाऊस आला, आता रात्र झाली आणि मागचा मला बघतोय. प्रत्येक वेळी एखादी वस्तू राहिलेली सापडते. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय.

देशाचे नियमही बघत जा, ब्रीफ अमेरिकेचं असेल तर अजून मजा. तिथे १९४० पासून ठरावीक मापाचे सीलबंद हेडलाईटच लागायचे, काचेच्या आकाराची मोकळीक मिळाली ती १९८४ मॉडेलपासून. १९७८ ची अमेरिकन गाडी तिरक्या, वळणदार हेडलाईटची पाठवलीस की जाणकार होस्ट तिथेच मान हलवतो. काचेखालचा तिसरा ब्रेकलाईट तिथे १९८६ मॉडेलपासून सक्तीचा, तो १९७९ च्या गाडीवर दिसला की मला तर खाज सुटते.

तिसरा_गिअर
सगळं ठीक पण मी जरा उलटं बोलतो. आकड्यांनी पण जिंकतात लोक, उगाच "फील" वगैरे नको. चूक अशी झाली की भाऊने चुकीचा आकडा धरला. ब्रीफमध्ये शून्य ते शंभर कुठे लिहिलंय का? "एकच गाडी", "आठवडाभर", "मागे दोन माणसं", हे सरळ ड्रायव्हेबिलिटी, कम्फर्ट, चालवायचा खर्च आणि गंज न लागणं इथे जातं. स्पोर्टिनेस शेवटी. मी ब्रीफ कागदावर लिहून काढतो आणि प्रत्येक वाक्यासमोर गेममधला आकडा लिहितो, ज्या आकड्यासमोर वाक्यच नाही त्यावर छदामही खर्च करत नाही.

आता सगळीकडे प्लस आठ. अरे क्वालिटी म्हणजे पैसा आणि इंजिनीअरिंगचे तास, दोन्हीला कॉम्पिटिशनमध्ये मर्यादा असते. तू ती मर्यादा इंजिनाच्या आतल्या भागांत आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यात संपवलीस. स्टीलचा पत्रा घे, गंजाला टिकणारा, वजन ७०-८० किलोने वाढू दे. प्लस टायर, सस्पेन्शन आणि इंटिरियरला दे, बाकी शून्यावर.

डबल विशबोनपण काढ. आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीत ते इंजिनाची जागा खातं आणि महाग पडतं. पुढे मॅकफर्सन, मागे टॉर्शन बीम ही साधी सस्पेन्शन लाव, मागची जागाही मोकळी राहते. आणि गिअरिंग बघ, पैजेवर सांगतो तू टॉप स्पीड २४० ला लावलंयस आणि गाडी हवेमुळे २०५ लाच थांबते. मग पाचवा गिअर नुसता शोभेचा.

गिअर_अडकला
२३५ ला होतं 😐

निवांत_चार_सिलिंडर
तिसऱ्याशी मी सहसा सहमत होत नाही पण गिअरिंगचं बरोबर आहे. फक्त एक, स्पोर्टिनेस एवढा शेवटी पण टाकू नको, शनिवारचा डोंगर ब्रीफमध्येच आहे. ड्रायव्हेबिलिटीच्या नादात मागचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) एवढा मऊ करू नको की गाडी फक्त पुढेच घसरत राहील. २०५ जीटीआयमध्ये वळणात पाय उचलला की मागचा भाग बाहेर यायचा, लोक घाबरायचे पण तेवढंच प्रेमही करायचे. त्याच्या अर्ध्यावर थांब. बीमएनजी या ड्रायव्हिंगच्या गेममध्ये एक्सपोर्ट करून दहा मिनिटं चालव, ग्राफवर न दिसणारं हाताला कळतं. मला एकदा तिथेच कळलं की ब्रेक मागे जास्त लावलेत, पहिल्याच उतारावर गाडी आडवी.

आणि कधी हिंमत झाली तर टर्बोचा विचार कर. रेनो ५ जीटी टर्बो १९८५ ची, १३९७ सीसी, ७६ बाय ७७, जुनंपानं पुशरॉड इंजिन, त्यावर कार्ब्युरेटरसकट टर्बो आणि ११५ हॉर्सपॉवर. कागदावर हा भंगाराचा डाव वाटतो, पण कंपनीकडे जे पडलं होतं त्यातून काढलेली गाडी असली की तिला एक गोष्ट मिळते. कॉम्पिटिशनमध्ये जाहिरातीचा मजकूर लिहिताना असलं फार कामाला येतं.

वाकडी_ग्रिल
हो, मजकूर! तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, दोन्हीत हॉर्सपॉवर. होस्ट पण माणूसच आहे. "आमच्या साध्या हॅचचंच इंजिन, फक्त कॅम आणि इंजेक्शन बदललं" असं काही लिहिलंस की मी लगेच साध्या मॉडेलची कल्पना करते, आणि मग लाल पट्टी, जाड बंपर, काळे चाकाचे कडे हे सगळं कुठून आलं ते समजतं. मी तर आधी साधं स्वस्त मॉडेल पूर्ण बनवते, ६५ हॉर्सपॉवरचं रडकं, आणि त्याची ट्रिम (त्याच मॉडेलचा प्रकार) कॉपी करून त्यातून स्पोर्टी काढते. वेळ जातो पण गाडी उपरी दिसत नाही.

गिअर_अडकला
काल रात्री बसलो. ८० बाय ७९, १५८८ सीसी, एकच कॅम (१६ व्हॉल्व्ह सोडताना जीवावर आलं), ११६ हॉर्सपॉवर ६२०० ला, रेडलाईन ६८००. वजन ८६५. चाकं १४ इंची. ड्रायव्हेबिलिटी ५४, रिलायबिलिटी ६८, आणि किंमत आधीच्या गाडीपेक्षा जवळजवळ पाव कमी!! शून्य ते शंभर दीड सेकंदाने मागे गेलं, ते बघवत नाहीये पण बीमएनजीत चालवली आणि खरं सांगू का, जुनीपेक्षा हीच परत परत चालवावीशी वाटली, खालून ओढते मस्त. लाईटची पट्टी कापली, कडी बसवली, झाकण बसवलं. ताई तुमच्यासारखी बडबड करत बसलो तर भाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

पुढच्या राऊंडला हीच थोडी बदलून पाठवेन, त्यात पण साल ८६ आहे.

तिसरा_गिअर
पाठवताना फाईल गेमच्या बीटामधून (चाचणी आवृत्तीतून) एक्सपोर्ट करू नको, नियमात कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघ. होस्टकडे उघडलीच नाही तर १४ इंची चाकं कोण बघणार. माझी एक गाडी तशीच गेलीय.

वाकडी_ग्रिल
आणि वायपर?

गिअर_अडकला
...थांबा, लावून येतो.