सेकंड शिफ्ट, रात्री उशिराचं जेवण आणि घशाशी येणारं आंबट पाणी

अंबडचा_ऑपरेटर

रात्रीचे सव्वातीन वाजलेत आणि मी हॉलमधे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे टाईप करतोय, कारण आडवं झालं की घशाशी आंबट पाणी येतं आणि छातीच्या मधल्या हाडामागे नुसती आग. वय ३८, वजन ८४, उंची ५ फूट ६. अंबड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) आहे, एक आठवडा फर्स्ट एक आठवडा सेकंड. सेकंडचा आठवडा आला की हे चालू. साडेअकराला सुटतो, सिडकोत घरी पोचेस्तोवर बारा, बायको बिचारी जागी असते, गरम पोळ्या टाकते, मग काय चार पोळ्या, भाजी, वरण-भात, वरनं लोणचं, सगळं दाबून होतं कारण संध्याकाळी कॅन्टीनला नुसता चहा आणि उलटा वडापाव झालेला असतो. साडेबाराला पाठ टेकली की दोन-अडीचला उठून बसलोच समजा.

दोन वर्षं झाली पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, खातोय. डॉक्टरांनी पंधराच दिवसांची लिहून दिली होती, पुढे मेडिकलमधून तीच चिठ्ठी दाखवून घेत गेलो, नंतर तर चिठ्ठीपण कोणी मागितली नाही. गोळी मी जेवण झाल्यावर झोपताना घेतो. आधी फरक पडायचा, आता काही नाही. मधूनमधून इनो.

घरच्यांचं एकच पालुपद, तिखट बंद कर, मिसळ बंद कर. आता नाशकात राहून रविवारची मिसळ बंद करायची म्हणजे, जाऊ द्या. तर प्रश्न एवढाच की खाण्यातलं नक्की काय काय सोडलं की हे थांबेल? कोणाकडे लिस्ट असेल तर टाका.

पंचवटीचा_काका

अरे लिस्टच्या नादी लागू नकोस. तुझ्या पोस्टमधे तिखट एकदा आलंय आणि घड्याळ पाच वेळा, आता तूच बघ.

मी ३१ वर्षं शिफ्ट केलीय आणि त्यातली निदान दहा वर्षं हेच भोगलंय. पोट आणि अन्ननलिका यांच्यामधे स्नायूचं एक कडं असतं, झडपेसारखं. घास खाली जाताना उघडतं आणि मग मिटतं. पोट तट्ट भरलेलं असलं की ते सैल पडतं. उभा असशील तर निदान वजनानं तरी सगळं खाली राहतं, पण आडवा झालास की संपलं. बाटली अर्धी भर, बूच सैल लाव आणि आडवी टाकून बघ, काय होतं ते. तू चार पोळ्या आणि भात घालून अर्ध्या तासात बाटली आडवी टाकतोयस रे, आणि दोष लोणच्याला.

जेवण आणि झोप यांच्यात तीन तास पाहिजेत. मग तू म्हणशील काका पहाटे तीनपर्यंत जागू का. नाही. मुख्य जेवण घरून डब्यात ने आणि कॅन्टीनच्या सुट्टीत जेव, साडेसात-आठला, व्यवस्थित पोटभर. रात्री घरी आल्यावर वाटीभर मऊ भात-वरण किंवा मुगाची खिचडी, बास. आमच्या वेळी मला हे पटायला फार दिवस लागले, कारण घरी येऊन गरम जेवायचं हा एक मान असतो आपला, बायकोलापण वाटतं डब्यातलं गार जेवला. तिला नीट समजावून सांग. तीपण झोपेल वेळेत.

दुसरं, पलंग डोक्याकडून सहा इंच वर घे. उशांवर उशा रचू नकोस, त्यानं नुसती मान आणि कंबर मुडपते आणि पोट उलट दाबलं जातं. अख्खं धड उतारावर पाहिजे. मी आधी शहाणपणा करून पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, तर एका रात्री कूस बदलताना पाय विटेवरून घसरला आणि धडाम! खालच्या मजल्यावरचे लोक बॅटरी घेऊन वर आले. मग सुताराकडून सागाचे ठोकळे करून घेतले, मधे वाटीसारखी खाच पाडून, पलंगाचा पाय बरोब्बर त्यात बसतो. अजून आहेत.

आणि डाव्या कुशीवर झोप. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ना, वाम म्हणजे डावं आणि कुक्षी म्हणजे कूस, आपण त्याचा अर्थ दुपारी घोरणं असा करून टाकला. डाव्या कुशीवर पोटातला साठा अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर तोच वर येतो. करून बघ आजच.

सुगरण_इंदिरानगर

दादा आमच्या ह्यांचंपण सेम होतं, हे सातपूरला होते. काका म्हणतात ते डब्याचं अगदी खरं. मी काय करायचे सांगते. ज्वारीची भाकरी किंवा दोनच पोळ्या, गिलक्याची नाहीतर दुधीची भाजी फोडणीला तेल एक चमचा, मुगाचं घट्ट वरण, काकडी. मिरची पूर्ण बंद नाही केली, नाहीतर माणूस डबा तसाच परत आणतो आणि टपरीवर जाऊन भजी खातो, हे मी स्वतः पकडलंय. कच्चा कांदा मात्र बंद केला, ह्यांना त्यानं फार व्हायचं.

टोमॅटोकडे लक्ष द्या. पिंपळगावचा टोमॅटो स्वस्त झाला की आपण आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, सगळीकडे ढकलतो आणि मग म्हणतो यावेळी पित्त का वाढलंय. आणि उपास! चतुर्थीला दिवसभर चहावर राहायचं आणि रात्री चंद्र बघून साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे तळलेले पापड, शेंगदाण्याची आमटी. त्या रात्री ह्यांची ठरलेली बैठक असायची गॅलरीत. आता उपासाला भगर आणि ताक, तेपण संध्याकाळी सातच्या आत, देव काही रागावला नाही अजून.

जळजळ झाली की थंड दूध प्या लगेच आराम पडतो, आणि पुदिन्याचं पाणी, थंड असतं ते.

फिटनेस_फंडा

ॲपल सायडर व्हिनेगर, सकाळी अनशापोटी एक ग्लास कोमट पाण्यात. गॅरंटी.

पंचवटीचा_काका

घशाशी आंबट येतंय म्हणून वरनं अजून आंबट ओतायचं? धन्य.

नाशिकरोडचा_फार्मासिस्ट

काऊंटरवर उभा राहून हेच रोज बघतो म्हणून लिहितो.

ताई राग मानू नका, डब्याचं सगळं बरोबर पण शेवटचं वाक्य नको. थंड दुधानं दहा-पंधरा मिनिटं गार वाटतं हे खरं, पण दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम पोटाला अजून ॲसिड सोडायला लावतं, त्यात फुल क्रीम असेल तर स्निग्धानं पोट उशिरा रिकामं होतं. पुदिन्याची तर गंमतच आहे, जिभेला थंड लागतो म्हणून लोकांना वाटतं पित्ताला चांगला, पण तो ती मघाची झडप आणखी सैल करतो. चॉकलेट आणि कॉफीचंही तेच, दारू सिगरेट तर आहेच. गॅसनं पोट फुगलं असेल त्याला पुदिना बरा वाटेल, पण घशाशी येणाऱ्यानं लांबच राहावं.

आता ऑपरेटर भाऊ तुमची गोळी. पॅन्टोप्राझोल जेवणानंतर झोपताना घेणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणं. पोटात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात, ते जेवताना सुरू होतात, गोळीला त्याच्या आधी रक्तात पोचावं लागतं. म्हणून खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, बहुतेकांना सकाळी नाश्त्याआधी देतात. दोन वर्षं चुकीच्या वेळी घेऊन तुम्ही म्हणताय फरक पडत नाही, कसा पडणार. पण म्हणून उद्यापासून एकदम बंदपण करू नका, एकदम सोडली की काही दिवस ॲसिड उसळी मारून वर येतं आणि माणूस घाबरून परत गोळीवर जातो. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे जा, वेळ बदलून घ्या, कमी कशी करायची ते विचारा. इतकी वर्षं घेतलीये तर बी-१२ पण बघायला सांगा, खास करून शाकाहारी असाल तर. चिठ्ठीशिवाय देत राहणारे आमचेच भाऊबंद आहेत, त्याबद्दल मी काय बोलू.

इनो म्हणजे खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, फसफसून ढेकर येते आणि बरं वाटतं. कधीतरी ठीक. पण त्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी रोज घेऊ नये. आणि हो बीपीची गोळी चालू आहे का? अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनीही झडप सैल पडते. अंगदुखीसाठी ब्रुफेन वगैरे खात असाल तर तेपण डॉक्टरांना सांगा. मनानं काही बंद करू नका मात्र.

गोदाकाठ_७

एक गोष्ट मधेच सांगतो, भीती घालायला नाही. माझा मेव्हणा, ४६ वर्षांचा, छातीत जळजळ म्हणून दोन तास घरात इनो पीत बसला, घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता, जबडा दुखत होता आणि हा म्हणतोय काल पार्टीत जास्त झालं. हार्ट अटॅक होता. वाचला, पण ते दोन तास महागात पडले. जळजळीबरोबर घाम, दम लागणं, हातात किंवा जबड्यात दुखणं असलं तर सोडा-बिडा काही नाही, सरळ ईसीजी. आणि घास अडकत असेल, शी काळी होत असेल, उलटीत रक्त किंवा काही न करता वजन उतरत असेल तर फोरमवर विचारायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासतात ती, वाटते तेवढी भयंकर नसते, मी केलीये.

अंबडचा_ऑपरेटर

बाप रे एवढं सगळं. सगळ्यांना थँक्स. नाही, घाम-बिम काही नाही, घासपण अडकत नाही, बीपीची गोळी नाही. फार्मासिस्ट भाऊंची छत्री एकदम डोक्यात बसली. एक प्रॉब्लेम, आमचा बेड बॉक्सचा आहे, खाली सगळ्या गाद्या-गोधड्या भरलेल्या, त्याला पायच नाहीत, ठोकळे लावू कुठे?

पंचवटीचा_काका

मग गादीवाल्याकडे जा, कडक फोमचा उतार कापून घे, डोक्याकडे सहा-सात इंच आणि खाली येता येता शून्य. लांबी कमरेपर्यंत येईल एवढी घे, नुसत्या मानेखाली नको. आणि वही घाल, किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, किती वाजता आडवा झालास. मोबाईलमधे नको, वहीतच.

अंबडचा_ऑपरेटर

मंडळी, तीन आठवडे झाले म्हणून कळवतोय. डॉक्टरांकडे जाऊन आलो, गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी केली, सहा आठवडे घेऊन मग कमी करू म्हणालेत, बी-१२ खरंच कमी निघालं. वजन पाच-सहा किलो उतरव म्हणाले, पोटाचा घेर आतून दाब देतो म्हणे. बेल्ट एक भोक सैल केला. डब्याच्या पहिल्या दोन दिवशी कॅन्टीनमधे पोरांनी चेष्टा केली, तिसऱ्या दिवशी एकानं भाकरीचा तुकडा मागितला.

सेकंडच्या गेल्या आठवड्यात सहापैकी फक्त एकदा उठावं लागलं. आणि वहीमुळे एक भलतंच सापडलं. तंबाखू सोडून वर्ष झालं, तेव्हापासून तोंड चाळवायला मी मशीनवर पेपरमिंटच्या गोळ्या खातो, मोजल्या तर शिफ्टला बारा-पंधरा! माझ्या हे डोक्यातच नव्हतं. आता खिशात बडीशेप असते. दुसरं म्हणजे जॉब (मशीनवर चढवायचा तुकडा) लोड करताना मी जेवण झाल्या झाल्या कमरेत वाकायचो, आता सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं ऑफसेट (मशीनची मापं जुळवणं), रीडिंग, कागदाची कामं उरकतो आणि मग गुडघ्यात वाकून उचलतो.

मिसळीचं विचाराल तर, मागच्या रविवारी मखमलाबाद रोडला गेलो. आधी माझा हिशोब असा होता की तिथे रस्सा अनलिमिटेड म्हणून तीन वेळा रस्सा, सहा पाव, जिलबी, आणि घरी येऊन सोफ्यावर दीडपर्यंत ताणून. यावेळी तर्री बाजूला काढली, एकदाच रस्सा, दोन पाव, वर दही, आणि येताना पोरांना घेऊन सोमेश्वरला धबधब्यावर तासभर फिरलो. काही म्हणजे काही झालं नाही. त्याच रात्री मात्र मित्राकडे साडेदहाला बिर्याणी झाली आणि अडीचला खुर्ची. वहीत लाल पेनानं लिहिलंय.

आता एकच शंका. फोमचा उतार डबल बेडच्या पूर्ण रुंदीचा करून घेतला आणि बायको म्हणते तिला रात्रभर घसरगुंडीवर झोपल्यासारखं होतंय, सकाळी ती पायथ्याशी सापडते. गादीवाला निम्मा कापून देईल का, की नवीनच घ्यावा लागेल?

सुगरण_इंदिरानगर

कापून देतो दादा, पण खोळ आधीच शिवली असेल तर तिचे वेगळे पैसे घेईल. ताईंना विचारून कापा कुठली बाजू ते, तुम्हाला डावी कूस पाहिजे ना, मग तुमचं तोंड भिंतीकडे येतंय की त्यांच्याकडे ते बघून.