आरओ कॅनच्या पाण्यात क्लोरीन सक्तीचं करावं का?

पूर्णाकाठ: किनारपट्टीच्या गावांत विहिरीत समुद्र शिरतो. आपल्या खारपाणपट्ट्यात समुद्र नाही, तरी अकोला, अमरावती, बुलडाण्यात बोअर खारटच. म्हणून गावोगावी आरओ प्लांट अन् 20 लिटरचे कॅन. गिऱ्हाईक टीडीएस मीटर बुडवतं, 80 दिसलं की खूश! ते मीटर क्षार मोजतं, जंतू नाही. क्लोरीननं आरओची मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) खराब होते, म्हणून कार्बन फिल्टर ते आधीच काढून टाकतो. जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचा असर पाणी त्याच्यासमोरून जाईपर्यंतच. भरलेल्या कॅनमध्ये राखणदार कोण? ग्रामपंचायतीने नियमच करावा: भरतेवेळी मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर, आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे.

प्लांटवाला: बोलाले सोपं आहे भाऊ. वास आला का गिऱ्हाईक दुसऱ्या प्लांटवर जाते. अन् घाण टाकीत कमी, कॅनमध्ये जास्त. थंड कॅनची तोटी खोलून पाहा, वायसरमागे बुळबुळीत थर बसलेला असते. त्या थराले 0.2 क्लोरीन काय करन? लोक कॅन रेतीनं घासतात, ओरखडे पडतात, थर तिथंच धरते. वरून घरी झाकण काढून त्यातच गिलास बुडवतात. पहिले धुण्याची सक्ती करा.

ओटीनळी: धुण्याचं बरोबर, पण नुसतं खळबळून चालत नाही. 10 लिटर पाण्यात 3 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर, 33 टक्के क्लोरीनची) कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी कॅनमध्ये भरून 30 मिनिटं ठेवा, शेवटी तोटीतून सोडा. मग आरओच्या पाण्यानं दोनदा विसळा. थर मात्र आधी मऊ ब्रशनं काढायचा, नाहीतर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. उघड्या पिशवीतली जुनी पावडर नको, तिचा दम गेलेला असतो.

पूर्णाकाठ: वासाचा बाऊ नको. आरओच्या पाण्यात क्लोरीन खाणारं फारसं नसतं, 500 लिटरच्या टाकीला 1 ग्रॅम टीसीएलची निवळी पुरते. अर्ध्या तासानं ओटी चाचणीत (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीनचं पाणी पिवळं होतं) फिकट पिवळं आलं की झालं. गडद आलं तर डोस जास्त, वास त्याचाच. (चाचणीचं पाणी फेकायचं, प्यायचं नाही.)

प्लांटवाला: अन् एचटूएस बाटली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले का काळी पडते ती चाचणी) काळी झाली का आमच्यावरच खापर! काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधक असते, ते लगेच काळं करते.

ओटीनळी: लगेच काळी झाली तर तो संशय रास्त. विष्ठेतल्या जंतूंना वेळ लागतो, म्हणून बाटली 24 ते 48 तास उबेला ठेवतात. पण नमुने तीन घ्या: टाकीच्या नळाचा, नुकत्या भरलेल्या कॅनचा, घरी दुसऱ्या दिवशीचा. नमुन्यात क्लोरीन असेल तर ते आधी थायोसल्फेट टाकून निकामी करा, नाहीतर बाटली खोटंच बरं सांगते. पहिला काळा तर प्लांट दोषी, दुसरा तर कॅन, फक्त तिसरा तर घरचा गिलास.

प्लांटवाला: तीन नमुने मंजूर. पण वायसर बदलायचा खर्च कॅनमालकाचा, आमचा नाही.