मदत हवी आहे: पीएए-पीव्हीपीची फिल्म सामू ७.४ ला विरघळते

पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल (पीएए) आणि पीव्हीपी के-३० (पॉलिव्हिनिलपायरोलिडोनची एक प्रत) या दोन पॉलिमरच्या कॉम्प्लेक्सची, म्हणजे एकमेकांना धरून बसलेल्या साखळ्यांची, पारदर्शक फिल्म हवी आहे. दोन्हींची ०.५ टक्के द्रावणे, प्रत्येकी १०० मिली, स्टिररवर एकत्र केली. पीएएच्या द्रावणाचा सामू ३ च्या जवळ होता. मिसळताक्षणी पांढरा, चिकट गोळा तळाशी बसला. तोच दाबून, वाळवून केलेली फिल्म सामू २ ला छान टिकते, पण ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये दहा मिनिटांत नाहीशी होते. बफरमध्ये ०.१५ मोलर मीठ घालूनही फरक नाही. निदान ४ तास टिकायला हवी. काय चुकतंय?

प्रतिसाद १
आधी वजनाचं बघू. इथे जोडी ग्रॅमची नाही, एककांची (साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची) लागते. पीएएच्या एककाचं वजन ७२, पीव्हीपीचं १११. म्हणजे ०.५ ग्रॅम पीएएला (६.९ मिलिमोल) ०.७७ ग्रॅम पीव्हीपी हवं. समान वजन घेतल्यामुळे दर पीव्हीपी एककामागे दीड आम्ल-एकक पडलं आहे.

गोळ्याचं कारण सामू. ३ ला बहुतेक सगळे कार्बॉक्सिल गट –सीओओएच रूपात असतात. ते पीव्हीपीच्या कार्बोनिलला (सी=ओ गटाला) हायड्रोजन बंधांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी धरतात आणि साखळ्या पाणी बाहेर ढकलत गोळा होतात. म्हणून मिसळताना बंध होऊच देऊ नका. पीएएच्या द्रावणात १ मोलर अमोनिया साधारण ५ मिली घालून सामू ७ वर आणा. पीव्हीपीचं द्रावणही ७ ला असू द्या. आता मिश्रण स्वच्छ राहील. ते पसरट बशीत ओतून ४० अंशांवर वाळवा आणि वाळलेली फिल्म सामू २ च्या हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर बुडवा. बंध आता फिल्मच्या आत, जागच्या जागी तयार होतात. सोडियम हायड्रॉक्साइडनेही जमतं, पण उरलेलं मीठ धुवावं लागतं.

प्रतिसाद २
७.४ ला फिल्म विरघळणं ही कृतीतली चूक नाही, या कॉम्प्लेक्सचा तो स्वभावच आहे. तिथे –सीओओएचचं –सीओओ⁻ होतं, बंधाला द्यायला हायड्रोजनच उरत नाही आणि ऋणभार एकमेकांना ढकलतात. मीठ घालून आयनीभवन थांबत नाही.

हायड्रोजन बंधच आहे का, याची खात्री सोपी आहे. सामू ३ ला १ मोलर मिठात एक तुकडा आणि डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइड, हायड्रोजन बंध तोडणारा द्रावक) दुसरा टाका. पहिला टिकला आणि दुसरा विरघळला, तर बंध आयनिक नाही. इन्फ्रारेड वर्णपटात पीव्हीपीच्या कार्बोनिलचा पट्टा १६६० सेमी⁻¹ च्या आसपासून १६४० कडे सरकलेला दिसेल. नमुना मात्र निर्वातात नीट वाळवा, कारण पाण्याचा पट्टाही १६४० लाच पडतो आणि ओल्या फिल्मवर हमखास फसगत होते.

धागाकर्ता
गणित कळलं, आभार. मग ७.४ साठी पीएएऐवजी दुसरं आम्ल घेऊ का?

प्रतिसाद २
पॉलिमेथाक्रिलिक आम्ल (पीएमएए) घ्या. त्यातल्या मिथाइल गटांमुळे पाणी-टाळू आकर्षणाची भर पडते. थर-थर रचलेल्या फिल्ममध्ये पीव्हीपीसोबत फिल्म टिकण्याची मर्यादा सामू ६.९ पर्यंत जाते, पीईओसोबत (पॉलिएथिलीन ऑक्साइड) मात्र ४.६ पर्यंतच. तरीही ७.४ ला नुसत्या बंधांवर भरवसा ठेवू नका. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या वाटेला तर जाऊच नका, पीएएसोबतचं त्याचं कॉम्प्लेक्स तापवल्यावर सुटतं.

प्रतिसाद ३
साखळ्यांना सहसंयुज (पक्क्या रासायनिक बंधाचा) जोड द्यावाच लागेल. पीएमएए-पीव्हीपी फिल्म सामू ५ ला ईडीसीच्या (कार्बॉक्सिल गटाला जोडणीसाठी सक्रिय करणारं कार्बोडायइमाइड) द्रावणात (५ मिग्रॅ प्रति मिली) अर्धा तास ठेवून मग एथिलिनडायअमाइनमध्ये रात्रभर ठेवतात. पीएएच्या फिल्मवर हे करू नका, ती सामू ५ लाच सुटायला लागते. आणि जोड फक्त आम्लाच्या साखळ्यांत होतो, म्हणून ७.४ ला पीव्हीपी निघून जातं आणि मागे निव्वळ पीएमएएची जाळी उरते. पीव्हीपी आत राहायलाच हवं असेल, तर ही वाट बंद.

पीव्हीपीची गरज नसेल, तर पॉलिव्हिनिल अल्कोहोल जास्त सोयीचं. ते ९० अंशांवर पाण्यात विरघळवून, गार करून पीएएत मिसळा. फिल्म पूर्ण वाळली की १३० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवा. एस्टर जोड पडतात. पीएए आम्लरूपातच हवं, सोडियम लवण असेल तर एस्टर होत नाही. अशी फिल्म ७.४ ला विरघळत नाही, फुगते मात्र बरीच. तेव्हा साच्याच्या कडेला जागा सोडा.